वाडीच्या टायरवाल्या भाऊंनी मला बर्फाचे टायर विकले नाहीत

मुलगी हिमाचलात मंडीजवळ कमांदला शिकते, आयआयटीत. या हिवाळ्यात सुट्टीतही प्रकल्पाच्या कामासाठी ती तिथंच थांबणार होती. मग आम्ही दोघांनी ठरवलं की आपणच गाडी घेऊन जाऊ, तिला सोबत घेऊ आणि दोन दिवस मनालीला राहू. नागपूरहून मनाली सोळाशे किलोमीटरच्या आसपास पडतं. गाडी आमची २०१९ ची अर्टिगा, अलॉय व्हीलवाली, ४१ हजार किलोमीटर चाललेली. टायर शोरूममधून आले तेच.

माझा भाचा जर्मनीत राहतो. त्याला बेत सांगितला तर पहिलं वाक्य हेच, "आत्या, विंटर टायर नसतील तर बर्फात शिरू नकोस." तिकडे रस्त्यावर बर्फ असताना हिवाळी टायर नसले तर दंड होतो, आणि ऑक्टोबर २०२४ पासून तर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह कोरलेला टायरच तिथं हिवाळी धरला जातो. मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. घर्षणाचा धडा दरवर्षी शिकवणाऱ्या बाईला हे लगेच पटलं. मी त्याच आठवड्यात हिवाळी टायर शोधायला निघाले. दोन ठिकाणी "मागवून देऊ, पैसे आधी भरा" असं उत्तर मिळालं. तिसरं दुकान हे.

नागपुरातून अमरावती रोडने जाताना वाडी जवळ आली की ट्रकच्या टायरांच्या थप्प्या दिसायला लागतात, त्याच रांगेत ते आहे. एक शटर, समोर सिमेंटचा ओटा, आत टायर काढायचं मशीन आणि बॅलन्सिंगचं मशीन. मालक पन्नाशीचे आहेत, सगळे त्यांना भाऊ म्हणतात. हाताखाली एक पोरगा. नाव लिहू का म्हणून मी विचारलं होतं. "नका लिहू मॅडम, आमी दोघंच हाव, गर्दी झाली का काम बिघडते," असं म्हणाले. म्हणून लिहीत नाही.

मी हिवाळी टायर मागितल्यावर त्यांनी आधी किंमत सांगितली नाही. विचारलं, "परत कधी येसान?" म्हटलं, पंधरा दिवसांनी. "मंग मे महिन्यात हे टायर कुठं ठेवसान?"

या प्रश्नावर मी गप्प झाले, कारण उत्तर मला माहीत होतं, फक्त मी ते टायरला लावून पाहिलं नव्हतं. हिवाळी टायरचं रबर मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं. पारा सात अंशांच्या खाली गेला की साध्या उन्हाळी टायरचं रबर ताठरतं, रस्त्याच्या बारीक खडबडीत बसत नाही आणि पकड सुटते. हिवाळी टायर त्या थंडीतही लवचीक राहतो, शिवाय त्याच्या प्रत्येक गुटक्यावर केसासारख्या बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. पण हाच मऊपणा नागपूरच्या उन्हात त्याचा घात करतो. आपल्याकडे २३ मे २०१३ ला ४७.९ अंश नोंदले गेलेत. डांबर आणि सिमेंट त्याहून कितीतरी जास्त तापतं. तसल्या रस्त्यावर हे रबर खोडरबरासारखं झिजेल आणि ब्रेक मारल्यावर गाडी लांबवर जाईल. आणि आपली थंडी? २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ पर्यंत उतरला होता, ती इथली नीचांकी नोंद. एरवी हिवाळ्यातही दुपारी पंचवीस-अठ्ठावीस असतं. वर्षातले पंधरा दिवस बर्फात आणि उरलेले साडेअकरा महिने विदर्भात चालणाऱ्या गाडीला हिवाळी टायर लावणं म्हणजे स्वेटर घालून मे महिन्यात सीताबर्डीत फिरणं. जर्मनीत लोक दोन संच ठेवतात आणि ऋतू बदलला की बदलतात, म्हणून तिथं ते जमतं. भाचा चूक नव्हता, तो त्याच्या गावाचं सांगत होता.

चार टायर मागवून दिले असते तर भाऊंची विक्री मोठी झाली असती. त्यांनी ती सोडली. मी हे लिहायला बसले त्याचं पहिलं कारण हे.

मग त्यांनी माझे जुने टायर बघितले, आणि इथं मला खरा धक्का बसला. मी म्हणत होते की नक्षी अजून चांगली आहे. त्यांनी खोली मोजायची पट्टी घातली, समोर चार मिलिमीटर, मागे पाच. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर, म्हणजे मी बरोबरच होते. त्यांनी पोराला टॉर्च आणायला सांगितला आणि टायरच्या बाजूच्या भिंतीवर अंगठा दाबून धरला. अंगठ्याच्या दोन्ही बाजूंना कोरड्या पडलेल्या तळ्याच्या गाळासारख्या बारीक भेगा उघडल्या. अंगठा काढला की मिटायच्या. सहा वर्षं आमची गाडी इमारतीच्या पश्चिमेच्या बाजूला उन्हात उभी असते. मग त्यांनी टायरवर कोरलेल्या डॉट (DOT) या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे वाचून दाखवले, २२१९. म्हणजे २०१९ सालचा बाविसावा आठवडा. "नक्षी पाहून टायर घेऊ नोका, तारीख पाहून घ्या," म्हणाले. गाडीच्या पोटाखालची स्टेपनी उतरवली, ती तर एकदाही रस्त्याला लागली नव्हती, पण तिच्यावरही तीच तारीख होती. न चालताही टायर म्हातारा होतो, हे मला त्या दिवशी समजलं.

समृद्धी महामार्ग सुरू झाल्यावर आरटीओवाले घासलेले टायर तपासायला लागले तेव्हा मी वर्तमानपत्रात वाचून मान डोलावली होती. तापलेल्या सिमेंटवर, तासाला शंभरच्या वर, हवा कमी असलेला भेगाळलेला टायर म्हणजे काय हे कळत होतं. माझ्याच गाडीखाली तो आहे हे मात्र कळलं नव्हतं.

मी म्हटलं, मग पुढचे दोन बदलू, गाडी पुढच्या चाकांवर चालते. त्यावर ते पहिल्यांदा ठाम बोलले, "दोन नाई. लावायचे तर चारी." पुढे नवी पकड आणि मागे जुनी असली की ओल्या किंवा गोठलेल्या वळणावर पुढचा भाग वळतो आणि मागचा घसरतो, गाडी भिंगरीसारखी फिरते. पैसे खरंच नसतील आणि दोनच घ्यायचे असतील तर नवे मागे लावावेत, असंही त्यांनीच सांगितलं. माझ्या विषयातली गोष्ट मला एका टायरवाल्याने माझ्याहून सोपी करून सांगितली. आता अकरावीच्या वर्गात मी तशीच सांगते.

घेतले ते अपोलोचे, गाडीच्या मूळ मापाचे, १८५/६५ आर १५, ८८ एच. यातला ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो भार चालतो आणि एच म्हणजे तासाला २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. सामान भरलेल्या सातजणांच्या गाडीत भाराचा हा आकडा बघायलाच हवा, वेगाचा तितका नाही. तारीख त्यांनी स्वतः दाखवली, तीन महिन्यांपूर्वीची. चार टायरचे, जुने परत घेऊन, २२ हजार ४०० लागले. स्टेपनीसाठी जुन्यातला कुठलाच नको म्हणाले, म्हणून तिचा पाचवा वेगळा. तो खर्च मला त्या क्षणी जड गेला. ग्वाल्हेरच्या पुढे पहाटेच्या धुक्यात रस्त्याकडेला एक कुटुंब फाटलेल्या स्टेपनीसह उभं दिसलं, तेव्हा जड वाटेनासा झाला.

आता अलॉयबद्दल. इथं थोडं जास्त लिहिते, कारण माझं दुखणं तेच होतं. दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका दुसऱ्या दुकानात पंक्चर काढताना टॉमी, म्हणजे टायर उपसायची लोखंडी पट्टी, थेट रिमच्या कडेला टेकवून टायर उपसला होता. काठावर दोन इंच खरवड, खालचं धातू उघडं. वर बॅलन्सिंगची शिशाची वजनं हातोडीने ठोकून काठाला बसवली, तिथं वार्निश उडालं. मशीनच्या बंदुकीने नट इतके आवळले की पुढे पेंचच्या रस्त्यावर चाक बदलायची वेळ आली तेव्हा माझ्या नवऱ्याला पान्यावर उभं राहूनही नट हलवता आला नाही. एक ट्रकवाले दादा थांबले म्हणून सुटलो. त्या दुकानात मी परत गेले नाही.

भाऊंकडे मी त्यामुळे मशीनच्या शेजारीच उभी राहिले. त्यांनी मशीनच्या चोचीला प्लास्टिकची टोपी लावली, धातू धातूला लागू नये म्हणून. टायर निघाल्यावर रिमची आतली कड बोटाने चाचपली, जिथं टायरची बीड, म्हणजे त्याची आतली जाड कड, बसते तिथं. पांढरी खरपुडी धरली होती, मिठासारखी. "हवा रोज थोडी कमी होते न तुमची?" होत होती. दर पंधरा दिवसांनी तीन-चार पौंड. मला वाटायचं वॉल्व्ह खराब असेल. त्यांनी ती खरपुडी बारीक तारेच्या ब्रशने हलक्या हाताने काढली, कापडाने पुसली, साबणाचं पाणी लावलं, नवा वॉल्व्ह घातला आणि टायर चढवला. हवा भरायला लागल्यावर आतून दोन आवाज आले, ठप्प, आणि क्षणाने पुन्हा ठप्प. दोन्ही बाजूंच्या बीड आपापल्या खाचेत बसल्याचे ते आवाज. दुसरा आवाज येईपर्यंत त्यांनी हात मागे घेतलेला होता आणि पोरालाही मागे सरकवलं होतं. बॅलन्सिंगची वजनं आतल्या बाजूने चिकटवायची, बाहेरून काही दिसत नाही. पुढच्या डाव्या चाकाला १५ ग्रॅम लागले, ते पुसून, वाळवून, मग चिकटवले, कारण धुळीवर चिकटलेलं वजन पहिल्या पावसात गळतं.

नट हाताने सुरू केले, समोरासमोरचे एकेक करून आवळले आणि शेवटी मोजून घट्ट करणारा पाना लावला, टक आवाज आला की थांबले. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा म्हणाले. आम्ही सिवनीच्या आधी चहाला थांबलो तेव्हा तपासले. एकही ढिला नव्हता.

खरवडलेल्या कडेवर त्यांनी रंग मारून दिला नाही, ते काम आपलं नाही असं स्पष्ट सांगितलं. पण काय करायचं नाही ते सांगितलं. चाकं तापलेली असताना गार पाणी मारायचं नाही. बाजारात चाकं चकचकीत करणारं ॲसिडचं पाणी मिळतं ते वापरायचं नाही, साधा गाडीचा साबण पुरे. ब्रेकची काळी भुकटी महिनोन्महिने साचू द्यायची नाही, ती वार्निशमध्ये शिरते. आणि नागपूरचं खास म्हणजे, सिमेंट रोडच्या उंच कडेवरून गाडी तिरपी उतरवायची नाही. आमच्या गल्लीत नवा सिमेंट रोड झाल्यापासून अर्ध्या गाड्यांच्या रिमा उजव्या-डाव्या कडांना खरचटलेल्या आहेत. मी आता सरळ आणि हळू उतरवते.

राहिला बर्फ. त्यासाठी त्यांनी चेन, म्हणजे बर्फात पकड मिळावी म्हणून चाकावर चढवायच्या साखळ्या, घ्यायला सांगितल्या, टायरच्या मापाच्या, पुढच्या दोन चाकांसाठी. त्या त्यांच्याकडे नव्हत्या, मी ऑनलाइन मागवल्या, ३ हजार २०० ला. आल्यावर दाखवायला घेऊन गेले तर त्यांनी ओट्यावरच अंथरायला लावल्या. "घाला, माह्यासमोर." पहिल्यांदा मला पंचवीस मिनिटं लागली, एक कडी उलटी गेली. त्यांनी चाकाच्या मागे हात घालून सस्पेन्शन आणि चेन यांच्यात बोटं जातात का ते पाहिलं, कारण तिथं जागा नसेल तर चेन ब्रेकची नळी तोडू शकते. दुसऱ्यांदा चौदा मिनिटं. लोंबणारं टोक रबराच्या पट्ट्यात अडकवायला शिकवलं, नाहीतर तेच टोक प्रत्येक फेऱ्याला अलॉयवर फटके मारतं. शंभर पावलं चालवून पुन्हा आवळायचं, चाळीसच्या वर जायचं नाही, डांबर दिसलं की काढायचं. या तासाभराचे त्यांनी पैसे घेतले नाहीत.

प्रवासाबद्दल थोडक्यात. मंडीपर्यंत काहीच अडचण नाही. मनालीत पहिल्या सकाळी बाहेर उणे चार होतं. मी हवा मोजायचं गेज घेऊन खाली गेले. नागपुरात सकाळी २४ अंशांना हवा ३३ पौंड भरली होती. नुसत्या थंडीच्या हिशोबाने साडेचार पौंड कमी व्हायला हवे होते, पण गेजवर दिसले ३१. मग लक्षात आलं, मनाली दोन हजार मीटरच्या वर आहे. बाहेरची हवाच विरळ, आणि गेज आतल्या-बाहेरच्या दाबातला फरक दाखवतं. थंडीने खाली ओढलं, उंचीने वर. हॉटेलच्या अंगणात उभं राहून मी मुलीला हे सांगत बसले आणि तिने शांतपणे ऐकून घेतलं. ३३ करून घेतली. परत उतरल्यावर गार टायरची हवा पुन्हा पाहून घेतली.

दुसऱ्या दिवशी रात्रीतून बर्फ पडला होता. सोलंगपाशी पोलिसांनी गाड्या थांबवल्या, फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणाऱ्या गाड्या, किंवा चेनवाल्यांनाच पुढे सोडत होते. आमच्या मागे-पुढे लोक रस्त्यावरच चेन भाड्याने घेत होते, कुणीतरी मापाविना लावून देत होतं. मी खाली बसले, हातमोजे काढले, कारण कडी हातमोज्यांनी लागत नाही, आणि बारा मिनिटांत दोन्ही चाकं केली. नवऱ्याने फक्त घड्याळ पाहिलं. अटल बोगद्यापर्यंत गाडी एकदाही घसरली नाही. ९.०२ किलोमीटरचा तो बोगदा, आत कोरडा रस्ता, त्याआधी चेन काढल्या. पलीकडे तोंडाशी सावलीत काळपट चमकणारा बर्फ होता, दिसायला ओला रस्ता वाटावा असा. तिथं ब्रेकला हात, म्हणजे पाय, न लावता दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. तिथं चांगला टायर थोडा सांभाळून घेतो, सगळं सांभाळून घेत नाही. ज्यांना दर हिवाळ्यात महिनाभर तिकडेच राहायचं असेल त्यांनी हिवाळी टायरांचा वेगळा संच जरूर घ्यावा, माझं सांगणं आमच्यासारख्यांसाठी आहे.

दुकानाच्या उणिवाही सांगते. अलाइनमेंटचं, म्हणजे चाकांची दिशा जुळवायचं मशीन त्यांच्याकडे नाही, त्यासाठी दुसरीकडे पाठवतात, आणि नव्या टायरला अलाइनमेंट न करणं म्हणजे पैसे नाल्यात टाकणं, तेव्हा तो फेरा धरूनच जा. मला सगळ्याला साडेचार तास लागले. बसायला एक बाक, तो उन्हात. वॉरंटीचं कार्ड मी मागितल्यावर शिक्का मारून दिलं, आपणहून दिलं नाही. मागून घ्या, आणि बिलावर टायरचे क्रमांक लिहून घ्या.

परत आल्यावर आठवड्याने मी चाकं दाखवायला गेले. टायरच्या खाचांतले तीन खडे त्यांनी पेचकसने काढले, आठ हजार किलोमीटरवर पुढचे मागे करायला या म्हणाले. अलॉयवर नवा ओरखडा नव्हता. चेन मी घरी धुऊन, वाळवून, जुन्या उशीच्या खोळीत ठेवल्या होत्या, त्याही सोबत नेल्या होत्या. तेवढ्यात ओट्यावर बसलेले एक जण म्हणाले की फेब्रुवारीत ते स्विफ्ट घेऊन मनालीला चाललेत. भाऊंनी खाली वाकून त्यांच्या टायरवरचं माप वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. १८५/६५ आर १५. चेन तेव्हापासून दुकानातच आहेत, मशीनच्या मागच्या खिळ्याला, त्याच खोळीत. मापात बसत असेल तर मागून न्या, फक्त ओट्यावर एकदा घालून दाखवल्याशिवाय ते देत नाहीत.